बीओपी असताना विहीर हातातून सुटतेच कशी?

यावल तालुक्यातल्या एका पोरानं विचारलंय: "नाना, दोन वर्षं काकांच्या बोअरच्या गाडीवर काम केलं, आता गुजरातेत तेलाच्या रिगवर फ्लोअरमन म्हणून लागतोय. तिथं विहिरीच्या तोंडावर बीओपी नावाचं ब्लोआउट रोखणारं यंत्र असतं म्हणे. ते असताना ब्लोआउट होतातच कसे? आणि विहिरीत शिरलेला वायू काढायला ड्रिलर्स मेथड बरी की वेट अँड वेट? इंटरव्ह्यूत विचारलं, मला सांगता आलं नाही."

इंटरव्ह्यूत सांगता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पाठ करून सांगणारे मी खूप पाहिलेत, रात्री तीन वाजता पिटची, म्हणजे विहिरीतून परत येणाऱ्या चिखलाच्या टाकीची, पातळी चढायला लागली की त्यांना काही सुचत नाही. एकतीस वर्षं रिगवर काढली, अर्धी जमिनीवर, अर्धी समुद्रात. त्यातून जे कळलं ते सांगतो.

तू बोअरच्या गाडीवर होतास, तर तिथूनच सुरू करू. काळ्या पाषाणात हॅमर चालू असतो, कॉम्प्रेसरची हवा धूळ वर फेकत असते. दोनशे-अडीचशे फुटांवर धूळ ओलसर होते, मग चिखल यायला लागतो आणि मग एकदम पांढरा फवारा. मालक नारळ फोडतो, पोरं फवाऱ्याखाली नाचतात, पेढे येतात. तेलाच्या रिगवर हेच दृश्य दिसलं तर माणसं जीव घेऊन पळतात. खालून आपोआप काही वर येणं हेच तिथं अपयश. टेक्सासात स्पिंडलटॉपला १९०१ च्या जानेवारीत तेलाचा असाच फवारा उडाला, नऊ दिवस आवरला नाही आणि लोक तो बघायला गर्दी करत होते. तेव्हा त्याला नशीब म्हणत. आज त्याला ब्लोआउट म्हणतात.

आता तुमच्या गाळपट्ट्याकडे ये. तापीकाठी रावेर-यावलकडे पाषाण खूप खाली, वर सगळा गाळ. तिथं ट्यूबवेल घेताना चिखल फिरवून भोक पाडतात, कारण नुसतं भोक ठेवलं तर ढासळतं. आमचा चिखल, म्हणजे मड, हेही काम करतं, पण त्याचं खरं काम वजनाचं. दहा मीटर पाण्याचा खांब तळाशी एक किलोचा दाब देतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. मड पाण्याच्या १.२० पट जड असेल आणि विहीर २५०० मीटर खोल असेल, तर तळाशी ३०० किलोचा दाब. खालच्या खडकातल्या वायूचा दाब २९० असेल तर तो गप्प बसतो. तोच ३२० निघाला तर वायू भोकात शिरतो. या शिरण्याला किक म्हणायचं. किक आवरली नाही की ब्लोआउट.

म्हणजे विहीर बंद कशानं असते? मडच्या खांबानं. बीओपीनं नव्हे. ड्रिलिंग चालू असताना बीओपी सताड उघडाच असतो, महिनोन्‌महिने, त्यातून पाइप खाली-वर होत असतो. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की तुझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं.

मग मड आणखी जड का करत नाही, असं तू विचारशील. बॅराइट नावाची जड खनिजाची भुकटी टाकून हवं तेवढं जड करता येतं, पण खडकालाही सोसण्याची हद्द असते. मड फार जड झालं की वरचा एखादा कमकुवत थर फुटतो, मड त्यात निघून जातं, खांबाची उंची घटते, आणि ज्या थराला आपण दाबून ठेवलं होतं तोच वर यायला लागतो. एकाच विहिरीत एका ठिकाणी मड पळतंय आणि दुसऱ्या ठिकाणाहून वायू येतोय, याच्याइतकी वाईट रात्र रिगवर दुसरी नसते. म्हणून टप्प्याटप्प्यानं केसिंग उतरवून सिमेंट करायचं, आणि प्रत्येक केसिंगच्या पायाशी, म्हणजे शूला, खडक किती दाब सोसतो ते लीक-ऑफ टेस्टनं तपासून तो आकडा ड्रिलरच्या समोर लिहून ठेवायचा.

खांब हरतो कसा, ते आता बघू. खडकाचा दाब अंदाजापेक्षा जास्त निघाला, हे एक कारण. पुस्तकात ते पहिलं असतं. माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक किक मात्र ड्रिलिंग करताना आल्याच नाहीत. आल्या त्या पाइप बाहेर काढताना, म्हणजे ट्रिपला. बिट, म्हणजे टोकाचं खडक कापणारं हत्यार, बदलायचं म्हणून सगळा पाइप वर ओढतात. जेवढं लोखंड बाहेर येतं तेवढी जागा खाली रिकामी होते, तेवढं मड वरून भरलं पाहिजे. नाही भरलं तर खांब उतरतो. आणि पाइप घाईत ओढला तर बिट हापशाच्या वॉशरसारखं काम करतं, खालून वायू ओढून घेतं. याला स्वॅबिंग म्हणतात. हापसा मारल्यावर पाणी का येतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला स्वॅबिंग वेगळं शिकवावं लागत नाही.

यासाठी ट्रिप टँक नावाची एक छोटी टाकी असते. पाच इंची पाइपाचा एक स्टँड, म्हणजे तीन पाइप जोडून साधारण २८ मीटर, बाहेर काढला की ११० ते ११५ लिटर मड विहिरीनं प्यायलं पाहिजे. पाच स्टँडला साडेपाचशेच्या वर. दर पाच स्टँडला टाकीची पातळी बघायची, कागदावर लिहायची. बस, एवढंच काम. पण या कंटाळवाण्या कामावर सगळी विहीर उभी असते.

एक रात्र सांगतो. मी तेव्हा असिस्टंट ड्रिलर होतो, जमिनीवरची रिग, जानेवारीची थंडी. पहिल्या पाच स्टँडला विहिरीनं ५५० लिटर घेतलं. दुसऱ्या पाचाला ५००. तिसऱ्या पाचाला ३००. मी ड्रिलरला आकडा दाखवला. तो म्हणाला, फ्लोट अडकला असेल, चालू दे. खरंच टाकीच्या फ्लोटच्या दोरीवर मड वाळून चिकटलेलं होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी उतरून दोरी साफ केली, फ्लोट हातानं खालीवर करून बघितला, मोकळा हलत होता. काठी बुडवूनही मोजलं. आकडा तोच, ३००. म्हणजे अडीचशे लिटरची जागा दुसऱ्याच कुणीतरी घेतली होती. ड्रिलरनं पंप थांबवून फ्लो चेक घेतला. विहीर शांत, थेंब नाही. इथंच माणूस फसतो. वायू आत आलेला असतो, पण थोडा असतो आणि तळाशी दाबून बसलेला असतो, त्यामुळे वर काहीच दिसत नाही.

त्या ड्रिलरचं कौतुक असं, की माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा असून त्यानं आकड्याचं ऐकलं. पाइप काढणं थांबवलं, पंधराही स्टँड परत खाली उतरवले, तळाशी जाऊन मड फिरवलं. तास-सव्वातासानं तळातलं मड वर आलं तेव्हा शेल शेकरवर, म्हणजे मड गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर, ते फेसाळलेलं होतं, तराजूवर १.२० चं १.०८ भरलं. थोडा वेळ वायू आला, मग मड पूर्ववत झालं. पुन्हा पाइप काढायला घेतला, या वेळी हळू. सकाळच्या रिपोर्टात एक ओळ गेली, वेळ वाया गेल्याबद्दल दोन शब्द ऐकावे लागले. बीओपीला हात लावायची वेळच आली नाही. माझ्या आयुष्यातलं वेल कंट्रोलचं, म्हणजे विहीर ताब्यात ठेवण्याचं, सर्वांत चांगलं काम मी तेच मानतो, आणि त्याचं सर्टिफिकेट कुणी दिलेलं नाही.

आता यंत्राकडे. पहिला रॅम बीओपी टेक्सासातल्या जेम्स अबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन या दोघांनी १९२२ साली बनवला. कल्पना आजही तीच: पाइपाच्या दोन बाजूंनी दोन पोलादी ठोकळे येतात, त्यांच्या पुढच्या टोकाला रबर असतं, ते पाइपाला कवटाळून बसतं. हा पाइप रॅम. विहिरीत पाइप नसेल तर भोक बंद करायला ब्लाइंड रॅम. आणि पाइप असला तरी कापून बंद करणारा शिअर रॅम. या सगळ्यांच्या वर अ‍ॅन्युलर, म्हणजे जाड रबराचं कडं. खालून पिस्टननं दाबलं की ते आत आकसतं आणि मध्ये पाइप, केली (पाइप फिरवणारा कोनदार दांडा), जे काही असेल त्याला आवळतं. घाईच्या वेळी आधी बहुधा अ‍ॅन्युलरच बंद करतात, कारण त्याला पाइपाच्या मापाची पर्वा नसते. बाजूनं दोन नळ निघतात, मड आत ढकलायला किल लाइन आणि आतलं बेतानं बाहेर सोडायला चोक लाइन.

हे सगळं हलवायला कूमी युनिट, म्हणजे दाब साठवणारं यंत्र, असतं. बाटल्यांत एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल, दाब ३००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड). रिगची वीज गेली, पंप बंद पडले, तरी बाटल्यांतला साठवलेला दाब बीओपी बंद करू शकतो. नायट्रोजन आधीच १००० पीएसआयला भरलेला असतो, म्हणून सगळं बंद करून झाल्यावर काटा १२०० च्या खाली गेलेला चालत नाही. जमिनीवरच्या बीओपीचा रॅम ३० सेकंदांत बंद झाला पाहिजे, आणि एपीआय या अमेरिकी तेल-संस्थेच्या नियमाप्रमाणे दोन प्रेशर टेस्टमध्ये २१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. टेस्ट आधी कमी दाबाची घ्यायची, २५० ते ३५० पीएसआयची. नव्या पोरांना वाटतं ही औपचारिकता, खरी टेस्ट जास्त दाबाची. उलट आहे. जास्त दाबाला रबर स्वतःच दाबून बसतं आणि गळती झाकली जाते. कमी दाबालाच खरं रूप दिसतं.

मग हे असताना विहीर का सुटते? एक तर बीओपी उशिरा बंद केला जातो. तळाशी ३०० किलोच्या दाबाखाली असलेला एक घनमीटर वायू वर मोकळ्या हवेत आला की ढोबळमानानं ३०० घनमीटर होतो. पण हे फुगणं सारखं नसतं. खालचे दोन हजार मीटर तो चढतो तेव्हा फारसा फुगत नाही, पिटमध्ये वाढ मामुली दिसते. शेवटच्या काही शे मीटरमध्ये तो असा काही फुगतो की वरचं सगळं मड रिगच्या मजल्यावर फेकलं जातं. सोड्याची बाटली आठव. म्हणून पिटमध्ये अर्धा घनमीटर वाढ दिसली तेव्हा जो बीओपी सहज विहीर धरून ठेवतो, त्याच्याच डोक्यावरून वायू निघून गेल्यावर तो बंद करून काय उपयोग?

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझनवर हेच घडलं. विहीर खोदून झाली होती, तात्पुरती बंद करून रिग हलवायची होती. निगेटिव्ह टेस्टमध्ये, म्हणजे वरचा दाब कमी करून विहीर आत गळते का हे बघताना, ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय दिसत होते आणि किल लाइनवर शून्य. एकाच विहिरीचे दोन काटे दोन गोष्टी सांगत होते. माणसांनी स्वतःला पटेल असं स्पष्टीकरण शोधलं, शून्यावर विश्वास ठेवला आणि मड काढून समुद्राचं पाणी भरत गेले. बीओपी बंद करायला हात गेला तोवर तेल-वायू बीओपीच्या वर पोचले होते. शिअर रॅमही शेवटी पाइप नीट कापून सील करू शकला नाही, कारण पाइप वाकून मधोमध राहिला नव्हता. ११ माणसं गेली, विहीर ८७ दिवस वाहत राहिली. शिअर रॅमबद्दल हेही ध्यानात ठेव, की पाइपाचा जाड जोड किंवा ड्रिल कॉलर (बिटच्या वरचा जाड, जड पाइप) त्याच्या पात्यात आला तर तो कापू शकत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे बीओपी जागेवरच नसणं. आसामात बाघजानला २७ मे २०२० ला विहीर सुटली, तेव्हा दुरुस्तीच्या कामात बीओपी विहिरीवरून काढलेला होता, भरवसा सिमेंटच्या प्लगवर होता. ९ जूनला आग लागली, दोन अग्निशामक गेले, आणि विहीर मारायला, म्हणजे पुरती शांत करायला, नोव्हेंबर उजाडला. आमच्या पिढीला धास्ती बसली ती १९९५ साली, आंध्रात पासरलापुडीची विहीर ६५ दिवस जळत राहिली तेव्हा.

आता तुझा दुसरा प्रश्न. समज विहीर वेळेवर बंद केली. आत वायू आहे, तोंड बंद आहे. पुढं?

घर बांधताना गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतो, पाहिली असशील. एक टोक या भिंतीला, एक टोक त्या भिंतीला, पाणी दोन्हीकडे सारखं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की लेव्हल चुकते, म्हणून जाणता गवंडी आधी नळी टिचकी मारून बघतो. विहीर म्हणजे हीच नळी, फक्त उभी धरलेली. एक बाजू ड्रिल पाइप, दुसरी बाजू पाइपाबाहेरची मोकळी जागा, म्हणजे अ‍ॅन्युलस. दोन्ही तळाशी बिटमधून जोडलेल्या. वायू शिरतो तो अ‍ॅन्युलसच्या बाजूला, पाइपातलं मड सहसा स्वच्छ राहतं. म्हणून पाइपाचा काटा खडकाचं खरं बोलतो, आणि अ‍ॅन्युलसचा काटा बुडबुड्यामुळे जास्त दाखवतो.

आपलीच विहीर घे. २५०० मीटर, मड १.२०, तळाशी ३०० किलो. बंद केल्यावर पाइपाचा काटा २० वर स्थिरावला, केसिंगचा २८ वर. खडकाचा दाब ३०० अधिक २०, म्हणजे ३२०. तो तोलायला मड हवं १.२८. दोन काट्यांत ८ किलोचा फरक, म्हणजे तळाशी साधारण ८० मीटर वायू बसलाय. साडेआठ इंची भोकात कॉलरच्या भोवती एवढ्या उंचीत सव्वा घनमीटर मावतं. पिटमध्येही तेवढीच वाढ झाली असेल तर हिशेब जुळला, खाली काय आहे ते तू डोळ्यांनी बघितल्यासारखं झालं. नसेल जुळला तर घाई करू नको, पुन्हा मोज.

वायू बाहेर काढायचा तर मड फिरवावं लागेल, आणि फिरवताना तळाचा दाब ३२० च्या खाली एकदाही जाता कामा नये, नाहीतर दुसरी किक. फार वरही नको, शू फुटेल. शू १५०० मीटरवर आहे आणि तिथला खडक १.५५ च्या मडइतकं सोसतो असं टेस्टमध्ये निघालं असेल, तर १.२० चं मड आत असताना केसिंगच्या काट्याला ५२ किलोपर्यंत मुभा. या दोन हद्दींमधून चालायचं, आणि चालवायचं चोक नावाच्या एका व्हॉल्व्हनं.

ड्रिलर्स मेथडमध्ये जे मड आहे त्यानंच लगेच सुरुवात. पंप हळू चालवायचा, समज मिनिटाला ३० स्ट्रोक. या वेगाला एरवी ३५ किलो लागतात, हा आकडा दर शिफ्टला आधीच घेऊन ठेवलेला असतो. पंप चढवताना केसिंगचा काटा २८ वर धरायचा. पंप वेगात आला की पाइपाचा काटा ३५ अधिक २०, म्हणजे ५५ दाखवेल. आता केसिंगकडे पाहायचं नाही, पाइपाचा ५५ धरून ठेवायचा, वायू बाहेर पडेपर्यंत. मधल्या वेळात केसिंगचा काटा चढत जाईल, छातीत धडधडेल, धडधडू दे. वायू फुगतोय, त्याला फुगू द्यायचंच आहे. वायू निघाल्यावर बंद केलं की दोन्ही काटे २० वर आले पाहिजेत. मग १.२८ चं मड तयार करून दुसरी फेरी. ते पाइपातून खाली उतरेपर्यंत केसिंगचा २० धरायचा, या काळात पाइपाचा काटा आपोआप ५५ वरून ३७ वर येतो. बिटमधून बाहेर पडल्यावर ३७ धरायचा, जड मड वर येईपर्यंत. शेवटी पंप बंद, दोन्ही काटे शून्य.

वेट अँड वेट म्हणजे आधी थांबा, मड जड करा, मग एकाच फेरीत वायूही काढा आणि विहीरही मारा. इथं पाइपाचा काटा ५५ वरून ३७ वर आपल्यालाच हिशेबानं उतरवत न्यायचा असतो. पाइपात २३ घनमीटर मड मावत असेल आणि पंप स्ट्रोकला १६ लिटर टाकत असेल तर साधारण १४४० स्ट्रोक, दर शंभराला सव्वा किलो उतार. कागदावर सुंदर दिसतं. पण १.२० चं १.२८ करायला घनमीटरला ११५ किलो बॅराइट लागतं. पिटमध्ये आणि विहिरीत मिळून १५० घनमीटर मड असेल तर १७ टन. ते हॉपरमधून ओतेपर्यंत विहीर बंद, आणि बंद विहिरीतही वायू गप्प बसत नाही, मडमधून वर सरकत राहतो. बंद जागेत तो फुगू शकत नाही, त्यामुळे तळाचा दाब सोबत घेऊन चढतो. १.२० च्या मडमध्ये शंभर मीटर सरकला की वरचा काटा १२ किलो वाढला.

माझं मत विचारशील तर जमिनीवरच्या आपल्या नेहमीच्या विहिरींना ड्रिलर्स मेथड. लगेच सुरू होते, आकडेमोड कमी, आणि घाबरलेल्या माणसाला एकच काटा एकाच आकड्यावर धरायला सांगणं सोपं. वेट अँड वेटवाले म्हणतात शूवर दाब कमी येतो. बरोबर आहे, पण केव्हा? वायू शूच्या वर जाण्याआधी जड मड बिटमधून बाहेर पडलं असेल तर. पाइपात २३ घनमीटर आणि शूच्या खाली अ‍ॅन्युलसमध्ये त्याच्याच आसपास असेल तर तो फायदा जवळपास कागदावरच राहतो. उघडं भोक लांब असेल, शू कमकुवत असेल, मड मिसळायची सोय चांगली असेल, तिथं मी वेट अँड वेट घेतली आहे आणि पुन्हा घेईन. इंटरव्ह्यूत "वेट अँड वेट चांगली, कारण एकाच फेरीत होते" असं सांगू नको, समोरचा जाणकार असेल तर हसेल.

चोकवरचा हात मात्र कुठल्याच पुस्तकातून येत नाही. तुमच्या केळीच्या बागेत ठिबकचा एक व्हॉल्व्ह बंद केला की फिल्टरजवळचा काटा चढतो, पण त्याच क्षणी नाही, जरा थांबून. लांबची लाइन असेल तर अजून उशिरा. इथं चोकपासून अ‍ॅन्युलसमधून खाली आणि पाइपातून वर, पाच हजार मीटरचा प्रवास आहे. चोक हलवल्यावर पाइपाच्या काट्याला कळायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. नवा माणूस चोक फिरवतो, काटा हलत नाही म्हणून अजून फिरवतो, मग दोन्हीचा परिणाम एकदम येतो, मग तो उलट फिरवतो. झोक्यासारखं सुरू होतं. चोक जरासा हलवायचा, हात मागे घ्यायचा, मनात वीसपर्यंत मोजायचं. मी एकाला शिकवताना त्याचा हात खिशात घालायला लावायचो.

पाइप तळाशी नसेल किंवा बिट तुंबलं असेल तर या दोन्ही पद्धती चालत नाहीत, तिथं व्हॉल्युमेट्रिक किंवा बुलहेडिंग येतं. ते तुझ्या वरच्या माणसांचं काम, आत्ता सोडून दे. फक्त एक अपवाद माहीत असू दे: विहीर अगदी उथळ असताना, केसिंग नीट बसायच्या आधी वायू आला तर विहीर बंद करायची नाही, डायव्हर्टरनं लांब सोडून द्यायचा. बंद केली तर तो केसिंगच्या बाहेरून रिगच्या पायाखालूनच वर येतो.

आता फ्लोअरमन म्हणून तुझ्या हातात काय असतं ते सांगतो. ट्रिप चालू असताना किक आली तर पाइपाचं तोंड उघडं असतं. अ‍ॅन्युलस बीओपीनं बंद होईल, पण पाइपातून वर येणारं कोण अडवणार? त्यासाठी रिगच्या मजल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवलेला असतो, उघड्या अवस्थेत. उघडा का, तर वाहत्या पाइपावर बंद व्हॉल्व्ह बसवता येत नाही, तो उडवून लावतो. उघडा बसवायचा, आटे घट्ट करायचे, मग चावीनं बंद करायचा. हे काम तुझं आणि तुझ्या जोडीदाराचं. मी टूलपुशर, म्हणजे रिगचा मुख्य, असताना एका रिगवर पहिल्याच दिवशी ट्रिप ड्रिल घेतली. पोरांनी व्हॉल्व्ह झकास बसवला, आणि चावीच सापडेना. शोधाशोध झाली. डॉगहाउसचं, म्हणजे मजल्यावरच्या ड्रिलरच्या खोलीचं, दार वाऱ्यानं आपटतं म्हणून कुणीतरी ती दाराखाली अडकवून ठेवली होती. सगळे हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी ती चावी साखळीनं व्हॉल्व्हच्या शेजारी बांधूनच जेवायला गेलो. दुसरं म्हणजे, पाइपाचे आटे बदलले की व्हॉल्व्हचा क्रॉसओव्हर, म्हणजे दोन वेगळे आटे जोडणारा तुकडा, तोही बदलायला लागतो. कॉलर वर आल्यावर ड्रिल पाइपाचा व्हॉल्व्ह त्यावर बसत नाही, आणि हे किक आल्यावर कळून चालत नाही.

विहीर बंद करायचा हुकूम कुणाकडून यायची वाट ड्रिलरनं बघायची नसते. तो अधिकार त्याचा स्वतःचा. फ्लो चेकला विहीर वाहताना दिसली की आधी बंद, मग फोन. तुझ्या रिगवर ड्रिलर फोनकडे धावताना दिसला तर समज की इथं जपून राहायला हवं. आणि तुला शेकरवर काही वेगळं दिसलं, मड जास्त वाहतंय, फेस आहे, तर ओरडून सांग. दहा वेळा चुकीचं निघालं तरी अकराव्यांदा सांग.

आयडब्ल्यूसीएफचा, म्हणजे वेल कंट्रोलच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, कोर्स पुढं करशीलच, ड्रिलर व्हायला तो लागतो आणि दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. त्याची घाई नको, आधी दोन-चारशे ट्रिप शीट हातानं लिही. आणि गावात लोक विचारतीलच, "काय भो, अंकलेश्वरला तेल निघतं तर आपल्या तापीखाली का नाही?" सांग की आपल्याखाली बेसाल्टचा जाड थर आहे, त्याच्याही खाली जुने गाळाचे खडक असल्याचं भूभौतिक सर्वेक्षणात दिसलंय, पण त्यावरून तेल आहे असं म्हणता येत नाही. अंकलेश्वरला १९६० साली सापडलं ते खंबातच्या खोऱ्यात, तिथली भूमी वेगळी.

पहिल्या सुट्टीला भुसावळच्या गाडीनं येशील तेव्हा अमळनेरला उतर, घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. येताना तुझ्या रिगच्या पाइपाचं माप आणि स्टँडमागे किती लिटर ते लिहून आण. गवंड्याची नळी माझ्याकडे आहे, एका बाजूला रंगीत पाणी आणि दुसऱ्या बाजूला बुडबुडा सोडून दोन काटे वेगळं का बोलतात ते तुला अंगणात दाखवतो. वहिनी कळण्याची भाकरी आणि भरीत करेल.